एचडी चॅनलसाठी लागणारा वेगळा सेट टॉप बॉक्स

एचडी सेट टॉप बॉक्स म्हणजे टीव्हीजवळचा तो डबा जो केबलच्या वायरीतून किंवा छत्रीवरून आलेला सिग्नल पकडतो, त्याचं कुलूप काढतो आणि घडी घालून पाठवलेलं चित्र उलगडून टीव्हीला देतो. टीव्ही फुल एचडी घेतला तरी केबलवाला म्हणतोच की एचडीचा डबा वेगळा लागेल, आणि मग वाटतं टीव्हीतच काहीतरी कमी आहे. खरं तर पडद्यात काही कमी नसतं, टीव्हीवर लिहिलेलं "फुल एचडी" हे फक्त पडद्याबद्दल असतं, सिग्नल आत कसा येणार आणि कुलपाची चावी कोणाकडे आहे याबद्दल ते काहीच सांगत नाही.

ॲनालॉग, म्हणजे डिजिटल होण्याआधीच्या केबलच्या काळात हा प्रश्नच नव्हता. केबलवाला गच्चीवरून वायर सोडायचा, ती थेट टीव्हीच्या मागे खोचायची, दुसऱ्या खोलीत टीव्ही असेल तर एक स्प्लिटर लावला की झालं, फार तर चित्रात जरा मुंग्या यायच्या. ते चित्र पाल नावाच्या जुन्या टीव्ही पद्धतीचं, ६२५ रेषांचं (त्यातल्या दिसणाऱ्या ५७६), आणि ते समजायला लागणारा ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, प्रत्येक टीव्हीत असायचाच. चॅनलला कुलूप नव्हतं, म्हणून चावीचा डबाही नव्हता.

हे बदललं ते केबल डिजिटल करायची सक्ती आली तेव्हा. केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली, मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत मिळाली, मग ३१ मार्च २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर वगैरे शहरं आली आणि खेडोपाडी हे पोचेपर्यंत २०१७ उजाडलं. यामागे मोठं कारण होतं हिशोबाचं, कारण ॲनालॉगमध्ये केबलवाल्याकडे खरी घरं किती आणि तो वर दाखवतो किती हे चॅनलवाल्यांना कळायचं नाही, आता प्रत्येक डब्याला नंबर आणि प्रत्येक घराचा पॅक वेगळा.

आता एचडीचं. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६ म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपके असतात आणि फुल एचडीत १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांच्या वर, जवळजवळ पाचपट. हे न दाबता पाठवायचं तर एका चॅनललाच सेकंदाला दीड गिगाबिटच्या आसपास जागा लागते आणि केबलवर जिथे पूर्वी एक ॲनालॉग चॅनल बसायचं तिथे डिजिटलमध्ये साधारण ३८ मेगाबिट मावतात, त्यामुळे चित्र घडी घालून पाठवण्याशिवाय इलाज नाही. जुन्या डब्यांपैकी बरेच एमपेग-२ प्रकारची घडी उलगडणारे होते, एचडी चॅनल मात्र एमपेग-४ मध्ये येतात कारण त्यात तेच चित्र निम्म्याच्या आसपास जागेत बसतं, आणि ही घडी उलगडायची चिप जुन्या डब्यात नसते, शिवाय एचडी चित्र टीव्हीपर्यंत नेणाऱ्या एचडीएमआय वायरीचं भोकही नसतं. म्हणून साधा डबा असला तरी एचडीसाठी दुसरा घ्यावा लागतो, फक्त पॅक बदलून भागत नाही.

पण खरी गोम कुलपात आहे. ट्यूनर आणि एमपेग-४ ची चिप आजकालच्या बऱ्याच टीव्हीत असते, पण पैसे देऊन बघायची चॅनल्स स्क्रॅम्बल केलेली, म्हणजे मुद्दाम विस्कटून कुलूपबंद केलेली असतात आणि ती उघडायची चावी काही सेकंदांनी बदलत राहते, ती चावी डब्यातल्या कार्डाला किंवा चिपलाच समजते. त्यात प्रत्येक कंपनीची कुलूपपद्धत वेगळी, त्यामुळे एकाचा डबा दुसऱ्याकडे चालत नाही, आणि कंपनी बदलली की चांगला चालू डबा माळ्यावर जातो. युरोपात चावीचं कार्ड थेट टीव्हीत घालायला खाच असते, अमेरिकेत अशाच कार्डाचा केबलकार्ड नावाचा प्रयोग झाला पण तो काही रुजला नाही. आपल्याकडे ट्रायने, म्हणजे टेलिफोन आणि टीव्ही सेवांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली की डबा कुठल्याही कंपनीला चालला पाहिजे आणि टीव्हीतच तशी सोय हवी, तरी घरोघरी डबे आहेत तसेच आहेत. डबा आपला म्हणजे गिऱ्हाईकही आपलं, हे गणित कंपन्या सहजासहजी सोडणार नाहीत असं दिसतं.

स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या. २०१९ मध्ये लागू झालेल्या ट्रायच्या दरपत्रकात एक एचडी चॅनल दोन साध्या चॅनलइतकं मोजलं गेलं, म्हणजे जास्त जागा लागते हे बिलातही दिसलं.

बऱ्याच घरांत एक गंमत दिसते. एचडी डबा, एचडी पॅक, एचडी टीव्ही सगळं आहे आणि जोडणी मात्र जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने. पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही, तिथे साधंच चित्र दिसतं आणि एचडीचे पैसे मात्र दर महिन्याला जात राहतात. एचडीएमआय लावून टीव्हीचा सोर्स बदलला की लगेच फरक कळतो.

कुलूपच नसेल तर डबाही टळू शकतो, याचं उदाहरण डीडी फ्री डिश. दूरदर्शनची ही सेवा २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, महिन्याचं भाडं नाही, आणि टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर असेल तर छत्रीची वायर थेट टीव्हीला लावून तिची खुली चॅनल्स लागतात.