इंग्रजी शब्दार्थाला उदाहरणवाक्याची जोड कशी मिळाली

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्यासाठी आज जी पुस्तके, सदरे आणि मोबाइल ॲप वापरली जातात, त्यांची मांडणी बहुधा सारखीच असते: आधी शब्द, मग त्याचा अर्थ आणि त्याखाली तो शब्द वापरलेली एक-दोन वाक्ये. ही रचना इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासून अशीच असावी, असे वाटते. प्रत्यक्षात इंग्रजी कोशांनी पहिले जवळजवळ दीड शतक वाक्यांवाचून काढले. पुढे वाक्य आले तेही विद्यार्थ्यासाठी आले नाही. शिकणाऱ्याला हाताशी धरणारे वाक्य विसाव्या शतकात घडले आणि त्याच्या घडणीचा मोठा भाग इंग्लंडबाहेर, बंगाल आणि जपान येथे, झाला.

केवळ इंग्रजीत लिहिलेला पहिला शब्दकोश म्हणून ओळखला जाणारा रॉबर्ट कॉड्री याचा संग्रह 1604 साली निघाला. त्यात सुमारे 2,500 शब्द होते आणि ते बहुतेक लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आदी भाषांतून इंग्रजीत आलेले अवघड शब्द होते. लॅटिन न शिकलेल्या वाचकांना, विशेषतः स्त्रियांना, प्रवचनातले आणि ग्रंथातले असे शब्द कळावेत, एवढाच त्याचा हेतू होता. वाचकाची मातृभाषाच इंग्रजी असल्यामुळे अवघड शब्दासमोर एखाददुसरा सोपा शब्द ठेवला की काम भागत असे.

वाक्याला कोशात मानाचे स्थान मिळवून दिले ते सॅम्युअल जॉन्सन यांनी. 1755 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोशात 42,773 शब्द आणि सुमारे 1,14,000 अवतरणे होती. जॉन्सन मान्यवर लेखकांचे ग्रंथ वाचून त्यांत खुणा करीत आणि त्यांचे लेखनिक ती वाक्ये उतरवून घेत. जागेअभावी आपल्याला कित्येक अवतरणे छाटावी लागली, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स रिचर्डसन यांनी तर व्याख्येपेक्षा अवतरणांवरच भिस्त ठेवून कोश रचला. ही परंपरा ऑक्सफर्डच्या महाकोशात शिगेला पोहोचली. 1857 साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाभ्यासकांच्या संस्थेत त्याचा विचार सुरू झाला, जेम्स मरे यांच्या संपादकत्वाखाली 1884 साली पहिला अंश निघाला आणि 1928 साली पहिली आवृत्ती पूर्ण झाली. असंख्य स्वयंसेवकांनी चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवलेल्या वाक्यांतून निवडलेली 18 लाखांहून अधिक अवतरणे तीत आहेत. मात्र या साऱ्या परंपरेत वाक्य हा पुरावा होता. अमुक शब्द अमुक काळी अमुक अर्थाने वापरला गेला, याची ती साक्ष होती. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला उद्या अर्ज लिहायचा असेल, तर शेक्सपिअरच्या ओळीचा त्याला फारसा उपयोग नव्हता.

महाराष्ट्रात इंग्रजी शब्दांचे अर्थ मराठीतून देण्याचे काम याच सुमारास उभे राहत होते. मोल्सवर्थ यांचा 1831 सालचा मराठी-इंग्रजी कोश मुख्यतः मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांच्या उपयोगाचा होता. मोल्सवर्थ आणि मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली आला, तेव्हा मराठी माणसासाठी उलट दिशेचे दार उघडले. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, 1859 साली मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली आणि इंग्रजीचे ज्ञान नोकरीशी आणि पुढच्या शिक्षणाशी घट्ट जोडले गेले. शाळांतून स्पेलिंग आणि अर्थ पाठ करण्याची रीत रुजली. ज्या समाजात अमरकोश मुखोद्गत करण्याची परंपरा होती, तिथे इंग्रजी शब्दांची यादी पाठ करणे कोणाला वावगे वाटले नसावे, असे मला वाटते.

या पाठांतराला वाक्याची जोड देणारे मराठीतले सर्वांत परिचित पुस्तक म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. थोडे शब्द अर्थांसह द्यायचे, व्याकरणाचा एखादा नियम सांगायचा आणि मग त्या शब्दांनी बनलेली वाक्ये इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत करायला लावायची, अशी तिची पद्धत. शाळेबाहेर, घरच्या घरी इंग्रजी शिकलेल्या कित्येकांचा ती आधार होती आणि हे ऋण मोठे आहे. तरीही त्या वाक्यांचे पहिले काम व्याकरणाचा नियम पक्का करणे हे होते. एखादा शब्द इंग्रजीत कोणत्या शब्दांच्या संगतीत राहतो, हे दाखवणे हा त्यांचा उद्देश नव्हता.

तो प्रश्न पुढे आला तो वर्गातून. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणारे मायकेल वेस्ट यांनी 1920च्या दशकात बंगालमधील मुलांच्या वाचनावर प्रयोग केले. बहुतेक मुले थोडी वर्षे शिकून शाळा सोडतात, तेव्हा त्यांच्या पदरात नेमके काय राहते, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. प्रचलित वाचनमालांत नवे शब्द फार दाटीने येतात आणि पुन्हा पुरेसे भेटत नाहीत, असे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी आपल्या वाचनमालेत शब्द मोजून घेतले, विरळ पेरले आणि वारंवार परत आणले. 1935 साली त्यांनी एका सहकाऱ्यासह जो कोश काढला, त्यात सुमारे 24,000 शब्द आणि वाक्प्रचार केवळ 1,490 शब्दांच्या साहाय्याने समजावले होते. अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दांत वाचण्याची शिक्षा विद्यार्थ्याला होऊ नये, ही जाणीव त्यामागे होती. 1953 साली त्यांनी सुमारे 2,000 अत्यावश्यक शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली, ती पुढे अनेक दशके पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांच्या हाताशी राहिली.

दुसरा धागा जपानमधला. हॅरल्ड पामर 1922 साली जपानच्या शिक्षण खात्याचे सल्लागार म्हणून गेले आणि 1923 साली त्यांनी टोकियोत इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था उभी केली. सुटे शब्द शिकूनही विद्यार्थी अडखळतो, कारण इंग्रजीत बरेच शब्द ठरलेल्या जोडीनेच येतात, हे ओळखून 1933 साली त्यांनी अशा शब्दजोड्यांवर सविस्तर अहवाल दिला. 1924 साली जपानला आलेले इंग्रज शिक्षक ए. एस. हॉर्नबी पुढे याच कामात शिरले. त्यांनी गेटनबी आणि वेकफिल्ड यांच्यासह केवळ परभाषिक विद्यार्थ्यासाठी एक कोश रचला. 1941च्या अखेरीस युद्ध पेटल्यावर हॉर्नबी स्थानबद्ध झाले, तरीही 1942 साली टोकियोच्या काइताकुशा प्रकाशनाने तो छापला. ऑक्सफर्डने 1948 साली तोच कोश पुन्हा छापून जगभर पोहोचवला.

या कोशाने उदाहरणवाक्याचा हेतूच बदलला. हॉर्नबी यांनी इंग्रजी क्रियापदांचे पंचवीस वाक्यसाचे ठरवले आणि प्रत्येक क्रियापद कोणत्या साच्यात चालते ते वाक्यांनिशी दाखवले. ‘आय वॉन्ट यू टू कम’ हे इंग्रजीत चालते, पण त्याच धर्तीवर ‘आय सजेस्ट यू टू कम’ चालत नाही. नुसता अर्थ पाठ केलेल्याला हे कळण्याचा काही मार्ग नसतो. कोणते नाम मोजता येते आणि कोणते नाही, हेही या कोशात नोंदवले होते. मराठीत आपण ‘सल्ले’ म्हणतो, म्हणून मराठी विद्यार्थी ‘ॲडव्हायसेस’ लिहून मोकळा होतो. अशा जागी नेमके कसे लिहावे हे सांगणारे साधे, रोजच्या वापरातले आणि गिरवण्याजोगे वाक्य आता कोशात आले.

1978 साली लॉंगमनच्या विद्यार्थी कोशाने सुमारे 2,000 शब्दांतच सर्व व्याख्या बसवण्याचे वेस्ट यांचे तत्त्व पुढे नेले. खरे वळण 1987 साली आले. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली पुस्तके, वृत्तपत्रे आणि बोलण्यातले सुमारे 2 कोटी शब्द संगणकावर गोळा करून ‘कोबिल्ड’ कोश तयार झाला. त्यातले अर्थही पूर्ण वाक्यांत दिले होते आणि उदाहरणे संपादकाने रचलेली नसून प्रत्यक्ष वापरातून घेतलेली होती. त्यावर मोठा वाद झाला. खऱ्या मजकुरातून उचललेले वाक्य संदर्भ तुटल्यामुळे नवशिक्याला परके वाटते, तर रचलेले वाक्य सुबोध असले तरी कधीकधी कोणी बोलणारच नाही असे असते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. नवशिक्यासाठी जपून रचलेले वाक्य आणि पुढच्या टप्प्यावर खरे वाक्य, असा क्रम मला अधिक योग्य वाटतो.

महाराष्ट्रात 2000 सालापासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले आणि घरोघरी इंग्रजी-मराठी कोशाची गरज वाढली. आपल्या बऱ्याच छोट्या कोशांत अजूनही शब्द आणि त्यासमोर मराठी प्रतिशब्द एवढेच असते. ऑक्सफर्डचा, रमेश धोंगडे यांनी संपादिलेला इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश या बाबतीत वेगळा आहे. त्यात इंग्रजी व्याख्या, इंग्रजी वाक्य आणि मराठी अर्थ एकत्र येतात. म्हणजे टोकियोत घडलेली पद्धत आणि मोल्सवर्थ-कँडी यांच्यापासून चालत आलेली प्रतिशब्दांची परंपरा एका पानावर भेटतात. मात्र त्या पद्धतीची जडणघडण जपानी वर्गांतल्या अडचणींतून झाली होती. ‘एक्सप्लेन मी’ किंवा ‘डिस्कस अबाउट’ अशा, मराठी वाक्यरचनेतून सहज उतरणाऱ्या चुका डोळ्यांपुढे ठेवून निवडलेली वाक्ये मराठी विद्यार्थ्याला विपुल मिळायला हवीत. ते काम मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत मुरलेल्या शिक्षकांनीच करण्याजोगे आहे.