सामाजिक संस्था आणि दैनंदिन जीवन

मुले वाढवणे, देवाणघेवाण करणे, तंटे मिटवणे, ज्ञान पुढच्या पिढीकडे सोपवणे, मृत्यूला सामोरे जाणे या माणसाच्या कायमच्या गरजा आहेत. अशा एखाद्या गरजेभोवती कालांतराने जे नियम, भूमिका, अपेक्षा आणि दंडक स्थिर होतात, त्यांच्या व्यवस्थेला समाजशास्त्रात सामाजिक संस्था म्हणतात. कुटुंब, विवाह, धर्म, शिक्षण, शासन, कायदा, मालमत्ता, पैसा आणि बाजार ही तिची नेहमीची उदाहरणे. मात्र ही यादी वाचून संस्था म्हणजे काहीतरी भव्य आणि रोजच्या जगण्यापासून दूरचे आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात संस्था वावरतात त्या अगदी साध्या गोष्टींत: किती वाजता उठायचे, कोणाला कशी हाक मारायची, रस्त्याच्या कोणत्या बाजूने वाहन चालवायचे, रांगेत आपण कोणाच्या मागे, कमावलेल्या पैशांवर कोणाचा किती हक्क, आजाऱ्याच्या उशाशी रात्री कोणी बसायचे. यांतले काहीही माणूस रोज नव्याने ठरवत नाही. ते त्याच्या जन्माआधीच बरेचसे ठरलेले असते आणि तो ते पाळतो, म्हणूनच पुढेही टिकते.

संस्था आणि संघटना

शाळा ही इमारत, शिक्षक आणि व्यवस्थापन असलेली संघटना आहे. शिक्षण ही संस्था आहे. बँक ही संघटना, तर पत आणि पैसा या संस्था. अर्थशास्त्राचे १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांपैकी एक असलेल्या डग्लस नॉर्थ यांनी हा फरक खेळाच्या भाषेत मांडला: संस्था म्हणजे खेळाचे नियम, संघटना म्हणजे खेळाडू. हा भेद केवळ व्याख्येपुरता नाही, याचा पुरावा आयर्लंडमध्ये मिळाला. १९७० मध्ये तेथील प्रमुख बँका कर्मचाऱ्यांशी झालेल्या वादामुळे मे ते नोव्हेंबर असे सुमारे साडेसहा महिने बंद होत्या. अर्थव्यवहार कोलमडेल अशी भीती होती, पण लोक एकमेकांना धनादेश देत राहिले. ते वटण्याची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती, तरीही ते स्वीकारले जात आणि हातोहात पुढे फिरत. दुकानदार आणि मद्यालयांचे मालक आपल्या गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे ओळखत होते. कोणाचा कागद घ्यावा आणि कोणाचा घेऊ नये, हे त्यांना बँकेने सांगावे लागत नव्हते. संघटना बंद पडल्या तरी पत ही संस्था ओळखीच्या आणि विश्वासाच्या आधाराने चालू राहिली.

संकल्पनेची वाटचाल

एकोणिसाव्या शतकात हर्बर्ट स्पेन्सर (१८२०–१९०३) यांनी समाजाची तुलना सजीवाशी करून कौटुंबिक, राजकीय, धार्मिक, औद्योगिक अशा संस्थांचा स्वतंत्र विचार केला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम (१८५८–१९१७) यांनी १९०१ मध्ये समाजशास्त्राची व्याख्याच संस्थांचे, त्यांच्या उगमाचे आणि कार्याचे शास्त्र अशी केली. संस्था व्यक्तीच्या बाहेर असतात आणि तिच्यावर दाब टाकतात, हा त्यांचा मुद्दा आजही पायाभूत मानला जातो. अमेरिकेत विल्यम ग्रॅहॅम समनर यांनी १९०६ मध्ये लोकरीती (नित्याच्या चालीरीती) आणि लोकनीती (नैतिक बंधन ठरलेल्या रीती) यांतून आपोआप वाढलेल्या संस्था आणि जाणीवपूर्वक कायद्याने घडवलेल्या संस्था असा भेद केला. पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून अभ्यास करणारे मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्हस्की यांनी संस्थांचे मूळ माणसाच्या मूलभूत गरजांत शोधले.

दैनंदिन जीवनाच्या दृष्टीने सर्वांत मोठा पालट घडवला तो पीटर बर्गर आणि थॉमस लकमन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या विचाराने. दोन माणसे एखादी गोष्ट वारंवार एकाच रीतीने करू लागली की तिची सवय होते. सवयीमुळे एकमेकांच्या वागण्याचा अंदाज येऊ लागतो. तोवर ती रीत त्यांचीच असते, वाटल्यास ती बदलता येते. ती पुढच्या पिढीला शिकवली जाते तेव्हा मात्र तिचे रूप पालटते. मुलांच्या दृष्टीने ती कोणी ठरवलेली गोष्ट राहत नाही, जगच तसे असते. ‘असेच करतात’ एवढे उत्तर त्यांना पुरते. संस्थेचे बळ या उत्तरात आहे.

रोजच्या जगण्यातले कार्य

संस्था माणसाचे निर्णय कमी करतात. जर्मन विचारवंत आर्नोल्ड गेलेन यांच्या मते इतर प्राण्यांप्रमाणे माणसाचे वर्तन सहजप्रेरणांनी बांधलेले नसते. त्यामुळे प्रत्येक प्रसंगी त्याच्यापुढे असंख्य पर्याय उभे राहतात, आणि संस्था हा भार हलका करतात. अनोळखी शहरातल्या दवाखान्यात पाऊल टाकणारा माणूसही रुग्णाने कसे वागायचे आणि डॉक्टरकडून काय अपेक्षा ठेवायची हे जाणतो. दोघांची आधी ओळख असावी लागत नाही, कारण त्यांच्या भूमिका एकमेकींना ओळखतात.

हे नियम सहसा जाणवत नाहीत, म्हणून ते मुद्दाम मोडून पाहण्याची पद्धत काही अभ्यासकांनी अवलंबली. हॅरॉल्ड गारफिंकेल यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले, की स्वतःच्या घरी थोडा वेळ भाडेकरूसारखे वागा: अदबीने बोला, विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका, कोणी प्रश्न केला तरच उत्तर द्या. यात उद्धट असे काहीच नव्हते. तरीही घरची माणसे गोंधळली, काळजीत पडली, काही चिडली. मूल आजारी तर नाही ना, काही बिनसले आहे का, अशी विचारणा झाली. घरातली मोकळीक हासुद्धा पाळायचा नियम आहे, हे त्या प्रतिक्रियांतून दिसले. १९७० च्या दशकात स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलेल्या प्रवाशांकडे कोणतेही कारण न देता जागा मागितली. सुमारे ६८ टक्के वेळा ती मिळाली. लक्षात राहण्यासारखा अनुभव मात्र मागणाऱ्यांचा होता. शब्द घशात अडकत, पोटात ढवळून येई. खुद्द मिलग्रॅम यांचीही तीच गत झाली. द्युरकेम ज्याला दाब म्हणत होते, तो पोलीस किंवा न्यायालय यांच्याआधी माणसाच्या स्वतःच्या शरीरातच काम करत असतो.

आठवडा: एक उपेक्षित संस्था

संस्थांच्या यादीत आठवड्याला क्वचितच स्थान मिळते. ते मिळायला हवे, कारण रोजचे जीवन त्याच्याइतके क्वचितच कशाने घडवले असेल. दिवस पृथ्वीच्या भ्रमणाशी, वर्ष तिच्या परिक्रमेशी आणि महिना मुळात चंद्राशी जोडलेला आहे. सात दिवसांचा आठवडा आकाशातल्या कोणत्याही आवर्तनाशी नेमका जुळत नाही. तो निखळ सामाजिक आहे, आणि तो बदलण्याचे दोन मोठे प्रयत्न फसले.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये नव्या दिनदर्शिकेबरोबर दहा दिवसांचा आठवडा लागू झाला. तो लोकांच्या अंगवळणी पडला नाही, आणि १८०६ च्या आरंभी ती दिनदर्शिकाच रद्द झाली. सोव्हिएत संघाने १९२९ मध्ये अधिक धाडसी पाऊल उचलले. यंत्रे एक दिवसही थांबू नयेत आणि रविवारची धार्मिक पकड सुटावी, म्हणून पाच दिवसांचे अखंड चक्र आणण्यात आले. कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा सुटीचा दिवस दिला गेला, म्हणजे कोणत्याही दिवशी पाचांपैकी चार कामगार कामावर असत. वैयक्तिक हिशेबाने सुटी वाढली होती, कारण सातव्याऐवजी पाचव्या दिवशी ती मिळत होती. पण पतीची सुटी एका दिवशी, पत्नीची दुसऱ्या, मित्रांची तिसऱ्या. घरी कोणी नसेल तर सुटीचा उपयोग काय, अशा तक्रारी उघडपणे होऊ लागल्या. १९३१ मध्ये सर्वांना एकच सुटी देणारा सहा दिवसांचा आठवडा आला, आणि १९४० मध्ये देश पुन्हा सात दिवसांवर परतला. विश्रांतीची किंमत तिच्या तासांत मोजता येत नाही, ती इतरांच्या विश्रांतीशी जुळण्यात असते. कुटुंब, मैत्री आणि उपासना या तिन्ही संस्था एका सामाईक मोकळ्या दिवसावर उभ्या होत्या, हे तो दिवस काढून घेतल्यावर स्पष्ट झाले.

कुटुंब आणि न दिसणारे काम

घरकाम, मुलांची देखभाल आणि वृद्धांची शुश्रूषा या कामांचा मोबदला सहसा दिला जात नाही, म्हणून ते अर्थव्यवस्थेच्या हिशेबातही सहसा येत नाही. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, आइसलँडमधल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही थांबवले. अनेक पुरुषांना मुले घेऊन कामाच्या जागी जावे लागले. शाळा, पाळणाघरे, दूरध्वनी सेवा, कारखाने यांचे काम बंद पडले किंवा रखडले. पुढच्याच वर्षी तेथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला आणि १९८० मध्ये व्हिग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. संस्था सुरळीत चालते याचा अर्थ तिचा भार सर्वांवर सारखा असतो असा नाही. बहुधा कोणीतरी तो जास्त उचलत असते, आणि तेच काम ‘स्वाभाविक’ ठरते.

शाळेबाबतही असेच. रॉबर्ट मर्टन यांनी संस्थांच्या प्रकट आणि अप्रकट कार्यांत फरक केला. शिकवणे हे शाळेचे प्रकट कार्य. मुलांना दिवसभर सुरक्षित ठेवून पालकांना कामासाठी मोकळे करणे, समवयस्कांशी मैत्री घडवणे, घरातला अन्याय बाहेरच्या एखाद्या डोळ्याला दिसणे ही अप्रकट कार्ये. २०२० मध्ये कोरोना महासाथीने जगभरच्या शाळा बंद केल्या आणि दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले, तेव्हा दूरस्थ शिक्षणाने पहिल्या कार्याची थोडीफार भरपाई केली. दुसऱ्या प्रकारच्या कार्यांना पर्याय मिळाला नाही. त्यांची झळ मुख्यतः घरातल्या स्त्रियांना आणि गरीब घरांतल्या मुलांना लागली.

कार्यांचे हस्तांतर

संस्थांची कामे एकीकडून दुसरीकडे जात असतात. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी फ्रान्समध्ये १७९२ पर्यंत धर्मगुरू ठेवत. त्या वर्षी ते काम नगरपालिकांकडे आले. प्रसूती आणि अखेरचे आजारपण घरातून रुग्णालयात गेले. कामाचा दिवस किती तासांचा हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न कायद्याकडे गेला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्ये केलेला पहिलाच करार उद्योगांतल्या आठ तासांच्या दिवसाचा आणि ४८ तासांच्या आठवड्याचा होता. अशा हस्तांतरात माणसाला हक्क मिळतो आणि जवळीक कमी होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

बदल केव्हा रुजतो

१९५५ च्या सार्वमतात स्वीडनच्या सुमारे ८३ टक्के मतदारांनी वाहने उजव्या बाजूने चालवायला नकार दिला. तरी संसदेने पुढे तसा निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता सगळा देश डावीकडून उजवीकडे वळला. बदल टिकला. लोकमत विरोधात असूनही तो टिकला आणि क्रांतीच्या उत्साहात आणलेला आठवडा मात्र टिकला नाही, याचे कारण संस्थांच्या गुंतवणीत शोधावे लागते. रस्त्याची बाजू इतर संस्थांशी फारशी जोडलेली नसते. सर्वांनी एकदम बदलले की काम भागते. आठवडा कुटुंब, धर्म, बाजार आणि शाळा या सर्वांत ओवलेला असतो. संस्था किती जुनी आहे यापेक्षा ती किती इतर संस्थांना धरून आहे, यावर तिची चिवटता ठरते, असे या दोन उदाहरणांवरून म्हणता येते.

टीका

प्रत्येक संस्था समाजाची एखादी गरज भागवते असे मानणाऱ्या कार्यवादी विचारावर मुख्य आक्षेप असा, की टिकलेली प्रत्येक संस्था समाजाला उपयोगीच आहे असे त्यातून सूचित होते. गुलामगिरीसुद्धा शतकानुशतके कायदा, बाजार आणि धर्मवचने यांच्या आधाराने टिकलेली संस्था होती. ब्राझीलमध्ये ती १८८८ पर्यंत कायदेशीर होती. ती कोणाच्या उपयोगाची होती, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘उपयोग’ या शब्दाला अर्थ येत नाही. मार्क्सवादी आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी हा प्रश्न लावून धरला.

अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये ‘सर्वंकष संस्थां’चे विश्लेषण केले. सामान्य जीवनात माणूस झोपतो एका जागी, काम करतो दुसऱ्या आणि रमतो तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी त्याच्यावर वेगळ्या लोकांची सत्ता चालते आणि एका ठिकाणचा जाच दुसरीकडे विसरता येतो. तुरुंग, मनोरुग्णालय, छावणी यांत या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली, एकाच अधिकाराखाली येतात आणि माणसाला स्वतःचे असे काही उरत नाही. इटलीत मनोविकारतज्ज्ञ फ्रँको बसाल्या यांच्या चळवळीतून १९७८ मध्ये कायदा क्रमांक १८० झाला आणि मनोरुग्णालये टप्प्याटप्प्याने बंद करून उपचार वस्तीपातळीवर नेण्याचे धोरण स्वीकारले गेले. रोजच्या जगण्यात अनेक संस्था असणे आणि त्यांपैकी एकीच्याही हाती सगळा दिवस नसणे, ही स्वातंत्र्याची किती मूलभूत अट आहे हे या विश्लेषणातून दिसते. घरूनच काम करण्याची पद्धत आणि सदैव हाताशी असलेला फोन यांमुळे कामाची जागा आणि विसाव्याची जागा पुन्हा एक होऊ लागल्या आहेत. काम संपल्यावर संपर्कात न राहण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला, तो याच प्रश्नाचे एक उत्तर म्हणून.