कलेक्शन टाइपची नावं (पीएल/एसक्यूएल)

ओरॅकल डेटाबेसच्या पीएल/एसक्यूएल या प्रोग्रॅमिंग भाषेत असोसिएटिव्ह ॲरे, नेस्टेड टेबल आणि व्हॅरे या तीन कलेक्शन प्रकारांना (कलेक्शन म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांची यादी) नाव देताना टीम जे संकेत पाळते ते. कंपायलरला यातलं काही पडलेलं नसतं.

पहिला प्रकार, म्हणजे आजचा असोसिएटिव्ह ॲरे, ओरॅकल ७ सोबत आला, तेव्हा त्याला 'पीएल/एसक्यूएल टेबल' म्हणायचे, १९९७ च्या ओरॅकल ८ मध्ये नेस्टेड टेबल आणि व्हॅरे आले तसं जुन्याचं 'इंडेक्स-बाय टेबल' झालं आणि ९आयच्या दुसऱ्या रिलीजपासून तोच असोसिएटिव्ह ॲरे. जुन्या कोडात नावामागे '_टॅब' दिसतं ते बहुधा त्याच काळातलं. खुद्द ओरॅकलचंही एकमत नाही, त्यांच्याच तयार पॅकेजांपैकी डीबीएमएस_एसक्यूएलमध्ये 'नंबर_टेबल', डीबीएमएस_युटिलिटीत 'अनसीएल_ॲरे', आणि तयार मिळणारा व्हॅरे 'ओडीसीआयव्हारकॅर२लिस्ट'.

नावाला '_टॅब'सारखं शेपूट लावायची सक्ती खरं तर नेमस्पेसमुळे होते, म्हणजे ज्या कप्प्यात एकच नाव दोनदा चालत नाही त्यामुळे. क्रिएट टाइपने बनवलेला टाइप आणि टेबल एकाच नेमस्पेसमध्ये बसतात, म्हणजे 'पॉलिसी' टेबल असेल तर 'पॉलिसी' टाइप बनत नाही, ओरा-००९५५ (नाव आधीच वापरात) हा एरर येतो. कॅमलकेसने (शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल करून) सुटका नाही, कारण डबल कोट नसतील तर डेटाबेसच्या डिक्शनरीत, म्हणजे नावांच्या नोंदवहीत, सगळं कॅपिटलमध्येच जातं. शिवाय १२.१ पर्यंत नावाला ३० बाइटची मर्यादा होती (१२.२ पासून १२८), त्यामुळे शेपटं आखूड राहिली.

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रोडवर, ऐरोली-महापेच्या आयटी ऑफिसांत कुठली पद्धत पाळता असं विचारलं तर उत्तर साधारण एकच, क्लायंटच्या स्टँडर्ड डॉक्युमेंटमध्ये असेल ते. एकीकडे सरसकट 'टी_पॉलिसी', दुसरीकडे प्रकार सांगणारं 'पॉलिसी_एनटी' (नेस्टेड टेबल), 'पॉलिसी_व्हीए' (व्हॅरे), 'पॉलिसी_एएटी' (असोसिएटिव्ह ॲरे). दुसरी पद्धत टायपिंगला कंटाळवाणी आहे पण कामाची तीच वाटते, कारण नेस्टेड टेबल आणि व्हॅरे कन्स्ट्रक्टरशिवाय (आधी तयार न करता) वापरले की ओरा-०६५३१ हा एरर आणि एक्स्टेंड (जागा वाढवणं) विसरलं की ओरा-०६५३३, असोसिएटिव्ह ॲरेला यातलं काहीच लागत नाही. 'एल_पॉलिसी(१) := ...' ही पहिल्या जागी मूल्य ठेवणारी ओळ बरोबर की चूक हे प्रकार कळल्याशिवाय सांगता येत नाही, आणि टाइपचं डिक्लरेशन बहुतेक वेळा भलत्याच पॅकेजमध्ये पडलेलं असतं. व्हेरिएबलला लोकलसाठी 'एल_', पॅरामीटरला 'पी_', ग्लोबलला 'जी_' हे आता बऱ्याच ठिकाणी दिसतं.

तुलनेसाठी, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये टाइप बनवला की त्याचा ॲरे टाइप आपोआप बनतो, नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोर लावून.