पाव मिलिमीटरात अडकलेला सातपुडा

मे महिन्यात फैजपूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, केळीचा घड एकदम कडक येतो, पण सातपुडा काही केल्या येत नाही!"

त्यांच्या घरचा जुना फोटो स्टुडिओ. माळा साफ करताना आजोबांचा झेनिट कॅमेरा निघाला. कॅमेऱ्याचं शटर गेलेलं, पण त्यावरची हेलिओस ४४-२ लेन्स ठणठणीत. ५८ मिलिमीटर, एफ/२ (एफचा आकडा जितका लहान, तितकं प्रकाशाचं छिद्र मोठं), सोव्हिएत बनावटीची, हातात घेतली तर वजनदार पेल्यासारखी. (खान्देशच्या कोरड्या हवेचा हा एक फायदा. कोकणात माळ्यावर इतकी वर्षं पडली असती तर काचेत बुरशीची जाळी झाली असती.) पठ्ठ्याने ऑनलाइन एक स्वस्तातला अडॅप्टर मागवला आणि ती लेन्स आपल्या सोनीच्या फुल-फ्रेम मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली. घड, जास्वंद, आजीचा चेहरा, सगळं सुरेख. गच्चीवरून उत्तरेकडे डोंगरावर रोखली की मात्र फोकसची रिंग अनंताच्या खुणेला जाऊन टेकते आणि डोंगर साय धरल्यासारखे मऊच राहतात.

यावर घरात दोन निदानं झाली होती. एक, लेन्स म्हातारी झाली. दोन, उन्हाने अडॅप्टर फुगला. दुसऱ्याचा हिशोब लगेच होतो. साधारण २७ मिमी लांबीची ॲल्युमिनियमची नळी ३० अंशांनी तापली तर जेमतेम ०.०२ मिमी वाढते. आमचा उन्हाळा बदनाम आहे, पण या गुन्ह्यात तो निर्दोष.

खरं कारण समजायला आधी जुना कॅमेरा आठवा. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा असे. तो खटकन वर उचलला जायला जागा हवी, म्हणून लेन्स जिथे बसते ती कडी फिल्मपासून बरीच पुढे ठेवावी लागे. झेनिटच्या एम४२ आट्यांच्या कॅमेऱ्यांत हे अंतर ४५.४६ मिमी, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५, कॅननच्या ईएफमध्ये ४४. मिररलेसमध्ये आरसाच गेला आणि कडी सेन्सरच्या जवळ सरकली. सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी, निकॉन झेडमध्ये १६.

जुन्या लेन्सला मात्र आरसा गेल्याची खबर नाही. ती आपली प्रतिमा अजून ४५.४६ मिमी मागेच उमटवणार. ४५.४६ मधून १८ वजा केले की उरतात २७.४६. तेवढ्या लांबीची पोकळ नळी, एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला सोनीची कडी, झाला अडॅप्टर. आत काच नाही, वायर नाही. आपण पैसे मोजतो ते योग्य लांबीच्या पोकळीचे. उलटा प्रवास मात्र जमत नाही. हीच हेलिओस निकॉनच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावायची तर कडी आधीच १.०४ मिमी जास्त लांब आहे. अडॅप्टर शून्य जाडीचा केला तरी सव्वातीन मीटरपलीकडचं काही शार्प येणार नाही. मग नळीत जादा भिंग घालावं लागतं आणि चित्राची रया जाते.

हा सव्वातीनचा आकडा कुठून आला? इथेच माझ्या आवडीची गोष्ट सुरू होते. भिंगाचं दहावीतलं सूत्र थोडं फिरवून लिहिलं की न्यूटनच्या नावाने ओळखलं जाणारं रूप मिळतं: वस्तू पुढच्या नाभीपासून जितकी दूर आणि प्रतिमा मागच्या नाभीपासून जितकी मागे, त्या दोन अंतरांचा गुणाकार कायम नाभीय अंतराच्या वर्गाइतका. हेलिओससाठी ५८ गुणिले ५८, म्हणजे ३३६४. वस्तू १ मीटरवर असेल तर प्रतिमा ३.४ मिमी मागे पडते, म्हणून लेन्स तेवढी पुढे सरकवावी लागते. वस्तू १० मीटरवर गेली की फक्त ०.३४ मिमी. थोडक्यात, १० मीटरवरच्या निंबापासून थेट चंद्रापर्यंतचं सगळं जग लेन्सच्या एक तृतीयांश मिलिमीटर हालचालीत कोंबलेलं असतं!

आता अडॅप्टर जरा जाड निघाला तर? लेन्स सेन्सरपासून तेवढी कायमची पुढे राहते. ती हवी तितकी आणखी पुढे नेता येते, मागे घेता येत नाही, कारण रिंगला शेवटचा थांबा आहे. म्हणजे जवळचं सगळं शाबूत आणि दूरचं गेलं. केळीचा घड येतो आणि सातपुडा येत नाही, ही तक्रार शब्दशः हेच सांगत होती. पातळ अडॅप्टरचा दोष याउलट. त्यात अनंताची खूण थोडी खोटी पडते, रिंग खुणेच्या अलीकडेच थांबवायची एवढंच. त्यामुळे अनेक उत्पादक नळी मुद्दामच केसभर आखूड ठेवतात.

याच गणिताचा एक उफराटा परिणाम आहे. टेलिफोटो लेन्स नाजूक आणि वाइड लेन्स सोशिक, असा समज असतो. इथे उलट होतं. हव्या त्यापेक्षा पाव मिलिमीटरच्या आसपास जास्त जाड अडॅप्टरवर २०० मिमीची लेन्स दीडशे मीटरपेक्षा दूरवर पोचते, तर २८ मिमीची बिचारी तीन-साडेतीन मीटरवर अडकते. वर्गाचा प्रताप.

चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) टेबलटॉप छायाचित्रांसाठी प्रसिद्ध होते. टेबलावर हातभर जागेत देखावा मांडायचा आणि तो टिपायचा. इतक्या जवळच्या कामात लेन्स कित्येक मिलिमीटर पुढे आलेली असते. तिथे पाव मिलिमीटरची चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येणार नाही. ती उघडी पडते ती डोंगरासमोर.

मी फैजपूरला गेलो आणि आधी अडॅप्टर घेऊन लेथवाल्या मिस्त्रींकडे. त्यांच्या व्हर्निअर कॅलिपरने चार ठिकाणी मोजलं. चारही वेळा २७.७०, म्हणजे ०.२४ मिमी जास्त. कॉपियर कागदाचे अडीच पदर. ३३६४ भागिले ०.२४ म्हणजे चौदा हजार मिलिमीटर, चौदा मीटर. गल्लीत टेप लावून पाहिलं. चौदा मीटरवरच्या दुकानाची पाटी स्वच्छ, तिच्यामागची पाण्याची टाकी धूसर. माझा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला असावा.

भाचा म्हणाला, "पण मामा, एफ/८ वर डोंगर बरे येतात, ते कसं?" चांगला प्रश्न. दूरच्या बिंदूची सेन्सरवर जी पसरट टिकली पडते तिचा व्यास म्हणजे ती चूक भागिले एफचा आकडा. एफ/२ ला ०.१२ मिमी, एफ/८ ला ०.०३. फुल-फ्रेमवर ०.०३ पर्यंतची टिकली डोळा बिंदू म्हणून खपवून घेतो. दोष तिथेच असतो, फक्त झाकला जातो.

"सोव्हिएत काचेची जादू" म्हणून या लेन्सचे हल्ली जे गोडवे गातात त्याबद्दल एक शब्द. कडेची पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरते ती जादू नव्हे. तिरक्या येणाऱ्या प्रकाशाला लेन्सची नळी दोन्ही बाजूंनी कापते, म्हणून कडेच्या उजेडाच्या टिकल्या मांजराच्या डोळ्यासारख्या होतात. चमत्काराचंही तसंच. गेल्या श्रावणात कानबाईच्या रात्रीचा एक फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला, देवीशेजारी हिरवा तेजाचा गोळा. कोटिंग, म्हणजे चकाकी कमी करणारा पातळ थर, नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. कोटिंगने तो घटतो, संपत नाही, आणि दोन पृष्ठभागांत उसळ्या मारून चित्रात उतरतो. न कापलेल्या फोटोत समईच्या ज्योतीपासून मध्यबिंदूतून पट्टी ठेवली, तर गोळा त्याच रेषेवर. कानबाईला नमस्कार आहेच, पण हा गोळा समईचा.

मिस्त्रींनी मागची कडी स्क्रू काढून वेगळी केली, नळी चकमध्ये धरली आणि विचारलं, "किती घेऊ?" मी ०.३ सांगितलं, थोडी आखूडच बरी. घासायची ती कडीकडची बाजू. आट्यांकडची घासली असती तर लेन्सचे आकडे जागेवर राहिले नसते, कारण एम४२ चे आटे एका फेऱ्याला १ मिमी जातात. ०.३ कमी म्हणजे लेन्स पाव फेऱ्याहून जास्त फिरून बसली असती. दोन मिनिटांत बारीक चकचकीत कीस पडला. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, पोराच्या साखरपुड्याचे फोटो काढून द्या म्हणाले.

संध्याकाळी गच्चीवर गेलो तर धुळीने सातपुडा मुळात दिसतच नव्हता. थांबलो. साडेआठला चंद्र वर आला. भाच्याने एफ/२ वर रिंग अनंताच्या खुणेच्या किंचित अलीकडे थांबवली आणि स्क्रीन मोठा करून माझ्यापुढे धरला. कड सुरीने कापल्यासारखी होती.