हवा चोरते की मिस मारते? जुन्या पेट्रोल-इंजेक्शनच्या गाडीचं बिघडलेलं आयडलिंग

गाडी सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा एका जागी ठरत नाही, इंजिन आता बंद पडतंय की काय असं वाटतं. संभाजीनगरला जा नाहीतर लातूरला, गॅरेजमध्ये उत्तर बहुधा ठरलेलं: "मिस मारायली भैया, प्लग-कॉइल टाकून घ्या." प्लग येतात, ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारी कॉइल येते, पैसे जातात आणि थरथर तिथंच राहते. कारण बाहेरून हुबेहूब असेच दिसणारे दोन बिघाड आहेत. एकात इंजिन भलत्याच वाटेनं हवा ओढत असतं, दुसऱ्यात एखाद्या सिलिंडरला ठिणगीच नीट मिळत नसते आणि तिथलं पेट्रोल जळत नाही, त्यालाच मिस मारणं म्हणतात.

नव्वदीतली माझ्दा एमएक्स-५ किंवा ऐंशीतली पोर्शे ९४४ या स्पोर्ट्स गाड्या आपल्या भागात दुर्मीळच. पण जुनी होंडा सिटी व्हीटेक किंवा पालिओ १.६ जिवापाड जपणारे हौशी आहेत, आणि खालचं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हा, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारं हवेचं दार) जवळजवळ बंद असतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या नळांत) जोरदार ओढ तयार होते. ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनातली ऑइलची वाफ परत इंटेककडे नेणारा) पाइप, इंजेक्टरच्या रबरी रिंगा, इंटेकचं गॅस्केट यांतलं काहीही चिरलं की त्या ओढीनं बाहेरची हवा आत घुसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सावलीतच ४२ अंश असतात, बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. पाइप जागेवर असताना वरून ठणठणीत दिसतो. तो काढून बोटांवर उलटा वाकवा: क्लॅम्पच्या लगेच मागे, खालच्या अंगाला, नखाएवढ्या भेगा उघडतात. नुसतं बॉनेट उघडून बघणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

फरक ओळखायची पहिली खूण फुकटची आहे. रेस २,५०० पर्यंत न्या. थरथर विरली तर संशय हवेवर धरा. चोरीची हवा तेवढीच राहते, पण इंजिन आता एकूण हवा कितीतरी जास्त घेत असतं, त्यामुळे तिचा हिस्सा नगण्य होतो. ठिणगीचं उलट आहे. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून कॉइल किंवा प्लगची वायर कमजोर असेल तर चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आणखी झटके खाते. कानालाही फरक कळतो. सायलेन्सरमागे उभं राहिलात तर मिस मारणाऱ्या इंजिनाचा फट-फट ठरावीक ताल ऐकू येतो, हवा चोरणारं इंजिन तालाशिवाय डगमगतं. चोरी मोठी असेल तर मात्र मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) इतकं पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, होतं की खरोखरच मिस व्हायला लागतं, आणि तिथं कान फसतो.

स्कॅनरही (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) फसतो, आणि ही गोष्ट बऱ्याच मेकॅनिकांच्या ध्यानात येत नाही. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तिथलं पेट्रोल जळत नाही, तसा तिथला ऑक्सिजनही वापरला जात नाही. तो तसाच सायलेन्सरच्या वाटेला लागतो. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो. तो सांगतो "मिक्श्चर लीन (पातळ) आहे", ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बिचारा आणखी पेट्रोल सोडतो. हवा चोरीला जात असली तरी सेन्सरचं म्हणणं तेच, लीन. म्हणून त्या एका शब्दावर विसंबून पाइप बदलत सुटू नका. प्लग काढून बघा. एकच प्लग ओला, काळा आणि पेट्रोलच्या वासाचा निघाला तर ठिणगीकडे वळा. सगळेच प्लग पांढरट निघाले तर हवेकडे.

आता गाडीगाडीतला भेद. एमएक्स-५ च्या पहिल्या १.६ लिटर इंजिनात, तसंच बॉशच्या एल-जेट्रॉनिक या जुन्या इंजेक्शन पद्धतीत आत येणारी हवा एक झडप मोजते. झडप आणि इंजिन यांच्या मधून घुसलेली हवा हिशेबात येतच नाही, मिक्श्चर पातळ होतं आणि इंजिन थरथरतं. होंडा मॅनिफोल्डमधला दाब मोजते. तिथं हवा शिरली की दाब वाढतो आणि ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो. मग थरथर कमी आणि आयडलिंगच चढलेलं, असं चित्र दिसतं. कधी रेस सारखी वर-खाली होत राहते: थ्रॉटल बंद असूनही आरपीएम जास्त दिसले की ईसीयू पेट्रोल तोडतो, आरपीएम पडले की परत सोडतो. अशा गाडीत प्लग बदलणं म्हणजे गुडघा दुखत असताना डोळ्यांत थेंब घालणं.

झडपवाल्या गाडीत एक सोपी चाचणी जमते. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा, म्हणजे न मोजलेली हवा मुद्दाम आत सोडा. गाडी चाचरली किंवा बंद पडली तर बरं लक्षण. ढिम्म फरक पडला नाही तर आधीच कुठेतरी मोठी चोरी चालू आहे.

ठिणगीसाठी इंजेक्टरचा कनेक्टर एकेक करून काढा. चांगला सिलिंडर बंद केला की आरपीएम पडतात, मेलेला बंद केला तर काही होत नाही. प्लगची वायर उपटून हीच चाचणी करायची सवय वाईट: शॉक बसतो, कॉइल जाते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या डब्यात) पेटतं. एमएक्स-५ मध्ये एका कॉइलवर दोन सिलिंडर असतात, १-४ आणि २-३. अशी जोडी एकत्र मेली असेल तर वायरीआधी कॉइल तपासा. आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर त्रास सुरू झाला असेल तर रात्री अंधारात, चालू इंजिनाच्या वायरींवर झाडांना मारायच्या स्प्रेनं पाण्याचा बारीक तुषार उडवा, हात मात्र लांब ठेवा. जिथं वायर फुटली असेल तिथून निळी ठिणगी इंजिनाच्या लोखंडाकडे झेपावते.

व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारा काटा) लावणाऱ्यांसाठी: परदेशी मॅन्युअलमधला १८ ते २१ इंचांचा आकडा समुद्रसपाटीचा. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. संभाजीनगर सुमारे १,८०० फुटांवर आहे, म्हणजे इथं १६-१७ इंचांना घाबरायचं कारण नाही. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती, ठरावीक अंतरानं झटके देत असेल तर एखादा सिलिंडर.

तिसरा संशयित आता पंपावरच भेटतो. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५ पट. ऑक्सिजन सेन्सर नसलेली जुनी गाडी हे ओळखू शकत नाही, ती पातळ मिक्श्चरवरच चालते आणि गार इंजिनाला कुरकुरते. आपल्याच कारखान्यांच्या उसाचं इथेनॉल असलं तरी जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पेट्रोलचे पाइपही याच वेळी बघून घ्या.

या सगळ्याआधी कुणी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आवळून रेस वाढवून देत असेल तर गाडी तिथून काढा. त्यानं थरथर झाकली जाते आणि पुढचं निदान अवघड होऊन बसतं. एमएक्स-५ मध्ये आयडलिंग लावायची जागा वेगळी आहे: डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी हे दोन टर्मिनल एकमेकांना जोडायचे, इंजिन गरम हवं, पंखा-दिवे बंद हवेत, आणि रबरी टोपीखालच्या हवेच्या स्क्रूनं ८५० आरपीएम लावायचे. तेही गळती आणि ठिणगी दोन्ही निस्तरल्यावरच.