दिलेल्या विषयाने कल्पकता आटते का?

दिलेल्या शब्दावरून चित्र काढणे म्हणजे उसनी कल्पना वापरणे आणि अस्सल कल्पना कोऱ्या कागदासमोर आपोआप सुचते, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. डागाळलेल्या भिंतींकडे पाहून त्यांत निसर्गदृश्ये आणि लढाया शोधाव्यात, असा सल्ला खुद्द लिओनार्दो दा विंची यांनी दिला होता. अठराव्या शतकात ब्रिटिश चित्रकार अलेक्झांडर कोझेन्स यांनी तर शाईच्या डागांपासून निसर्गचित्रे रचण्याची पद्धतच मांडली. समजा, दिलेला शब्द ‘छत्री’ आहे. छत्री म्हटले की बहुतेकांना पाऊस सुचतो, म्हणून तो बाजूला ठेवावा आणि छत्री कोणाची, मोडल्यावर तिच्या काड्यांचे काय होते, मुंगीला ती खालून कशी दिसेल, असे विचारत पाच-सहा लहान कच्ची रेखाटने करावीत. पहिले रेखाटन सहसा टाकाऊच निघते, पण ते काढल्याशिवाय चौथे सुचत नाही.