तिसऱ्या पक्षाचे गणित: सरासरी आणि पसारा

ब्रिटनमध्ये ४ जुलै २०२४ रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत ‘रिफॉर्म यूके’ या पक्षाला देशभरातील १४.३ टक्के मते मिळाली आणि ६५० पैकी जागा मिळाल्या अवघ्या ५. त्याच निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षाला त्याहून कमी, म्हणजे १२.२ टक्के मते मिळूनही ७२ जागा जिंकता आल्या. निकालानंतर समाजमाध्यमांवर या आकड्यांची जी चर्चा झाली, तीत ‘हा अन्याय आहे’ येथपासून ‘यात नक्कीच काहीतरी घोटाळा आहे’ येथपर्यंत सर्व सूर उमटले. अन्यायाविषयी मतभेद असू शकतात. घोटाळा मात्र येथे कोठेही नाही. दोन मोठ्या पक्षांनी व्यापलेल्या राजकारणात तिसरा पक्ष कधी चिरडला जातो आणि कधी एकाएकी मुसंडी मारतो, हे बऱ्याच अंशी शालेय संख्याशास्त्राने समजावून सांगता येते.

ज्या उमेदवाराला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, ही पद्धत भारताप्रमाणेच ब्रिटनमध्येही आहे. अशा पद्धतीत द्विपक्षीय राजकारण का रुजते, याचे विवेचन फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्ये केले आणि त्यामागे दोन कारणे असल्याचे दाखवले. पहिले कारण यांत्रिक आहे: दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या मतांना निकालात काहीही मोल नसते. दुसरे कारण मानसिक आहे: हे ठाऊक असल्यामुळे मतदार आवडत्या पण हरणाऱ्या उमेदवाराला मत देऊन ते वाया घालवण्यापेक्षा, नावडत्यांपैकी त्यातल्या त्यात बऱ्या उमेदवाराकडे वळतो. आपल्याकडे ‘तो निवडून येणार नाही, नुसती मते खाणार’ असे पारावर जे म्हटले जाते, ते द्युव्हर्जे यांच्या सिद्धान्ताचेच अर्धे विधान आहे.

परंतु या सिद्धान्ताचा एक पैलू वारंवार दुर्लक्षिला जातो. त्याचे कार्य मतदारसंघाच्या पातळीवर चालते, देशाच्या नव्हे. लढत दुरंगी होते ती त्या त्या मतदारसंघात, आणि ते दोन पक्ष सर्वत्र तेच असले पाहिजेत असे कोणतेही बंधन नाही. काँग्रेसच्या एकछत्री काळातही सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख निवडून येत राहिले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले. राज्यात तिसरा किंवा चौथा असलेला पक्ष एखाद्या तालुक्यात पहिला असू शकतो. तिसऱ्या पक्षाचा शिरकाव होतो तो याच फटीतून.

आता त्या गणिताकडे वळू. एखाद्या पक्षाला प्रत्येक मतदारसंघात किती टक्के मते मिळाली, हे आलेखावर मांडले असता बहुधा घंटेसारखा आकार दिसतो: बहुतेक मतदारसंघ सरासरीच्या आसपास आणि दोन्ही टोकांना थोडे थोडे. या आलेखाचे वर्णन करण्यास दोन संख्या पुरतात. एक म्हणजे सरासरी, आणि दुसरी म्हणजे प्रमाण विचलन, ज्याला आपण येथे सोईसाठी ‘पसारा’ म्हणू. सुमारे दोन तृतीयांश मतदारसंघ सरासरीच्या दोन्ही बाजूंना एका पसाऱ्याच्या अंतरात येतात आणि सुमारे ९५ टक्के मतदारसंघ दोन पसाऱ्यांच्या अंतरात. समजा, मतदारसंघ ६५० आहेत आणि तिरंगी लढतीत जिंकण्यासाठी ३७ टक्के मते लागतात. दोन काल्पनिक पक्ष घेऊ: एकाचा पसारा ८ टक्क्यांचा, म्हणजे तो कोठे बळकट तर कोठे दुबळा, दुसऱ्याचा पसारा ४ टक्क्यांचा, म्हणजे तो सर्वत्र जवळजवळ सारखाच.

दोघांनाही देशभरात सरासरी २१ टक्के मते मिळाली, तर पहिल्या पक्षासाठी ३७ टक्क्यांचा उंबरठा दोन पसारे दूर आहे आणि तो साधारण १५ जागा जिंकेल. दुसऱ्यासाठी मात्र तो चार पसारे दूर असल्यामुळे त्याच्या हाती भोपळा येईल. सरासरी २९ टक्क्यांवर गेली की पहिल्याच्या जागा सुमारे १०३ होतात, दुसऱ्याच्या केवळ १५. सरासरी ३७ झाली की दोघेही ३२५ वर, म्हणजे निम्म्या जागांवर येतात. आणि ती ४५ झाली की चित्र उलटते: पहिल्याला ५४७ जागा, तर सर्वत्र सारखा पसरलेल्या दुसऱ्याला ६३५. दुसऱ्या पक्षाच्या मतांत २१ पासून २९ टक्क्यांपर्यंत आठ टक्क्यांची भर पडली तेव्हा पदरात १५ जागा पडल्या, आणि पुढच्या आठ टक्क्यांनी ३१० जागांची भर घातली. पाणी ९० अंशांवर तापवले तरी पाणीच राहते आणि उकळबिंदू गाठताच त्याची वाफ होऊ लागते, तसाच हा प्रकार आहे. लहान पक्षाला विखुरलेली मते मारतात, मोठ्या पक्षाला तीच तारतात.

येथे एक बारकावा नोंदवला पाहिजे. ३७ टक्के हा उंबरठा अचल नाही. तिसरा पक्ष जेव्हा दोघांकडूनही मते घेतो, तेव्हा जिंकण्यासाठी लागणारी किमान संख्याच खाली येते. तिघे अगदी तुल्यबळ झाले तर ३४ टक्केही पुरतात. म्हणजे तिसऱ्याची सरासरी वर चढत असताना उंबरठा खाली सरकत असतो, आणि त्यामुळे वरच्या उदाहरणातील उडी प्रत्यक्षात अधिकच तीव्र ठरते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. १९८३ मध्ये ब्रिटनमधील उदारमतवादी आणि मजूर पक्षातून फुटलेले सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीला २५.४ टक्के मते मिळाली आणि मजूर पक्षाला २७.६ टक्के. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. जागा मात्र आघाडीला २३ आणि मजूर पक्षाला २०९. मजूर पक्षाची मते औद्योगिक शहरांत आणि कोळसा पट्ट्यांत एकवटलेली होती, तर आघाडीची मते देशभर सारख्या थराने पसरलेली होती; तीनशेहून अधिक मतदारसंघांत ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली. पुढे या आघाडीतूनच लिबरल डेमोक्रॅट पक्ष जन्मला. त्याला १९९२ मध्ये १७.८ टक्के मते आणि २० जागा मिळाल्या. १९९७ मध्ये मते १६.८ टक्क्यांवर घसरली, तरी जागा ४६ झाल्या. पक्षाने आपले बळ निवडक मतदारसंघांत लावले होते, आणि हुजूर पक्षाला पाडू इच्छिणारे मजूर पक्षाचे समर्थकही तेथे त्याच्याकडे वळले होते.

या पक्षाच्या प्रचारपत्रकांवर एक छोटा स्तंभालेख हमखास छापलेला असतो. त्यात स्थानिक लढतीतील दोन पक्षांचे उंच स्तंभ असतात आणि तिसऱ्याचा, बहुधा मजूर पक्षाचा, बुटका स्तंभ, ज्याच्याजवळ ‘हे येथे जिंकू शकत नाहीत’ अशा अर्थाचे वाक्य असते. कित्येकदा स्तंभांच्या उंचीचा आकड्यांशी मेळ बसत नाही आणि त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगलही होते. पण उद्देश स्पष्ट आहे: मत वाया जाण्याची भीती, जी एरवी तिसऱ्या पक्षाच्या मुळावर येते, तीच येथे प्रतिस्पर्ध्यावर उलटवली जाते. त्यासाठी आधी त्या भागातील नगरपालिकेत आणि पोटनिवडणुकीत आपण किमान दुसरे आहोत, हे सिद्ध करावे लागते.

निवडणूक आली की आपल्याकडे ग्रहस्थितीवरून पक्षांच्या जागा सांगणारे ज्योतिषी वाहिन्यांवर अवतरतात. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही, कारण तपासता येईल असे विधान ते सहसा करत नाहीत. मात्र ‘देशभर अमुक पक्षाची हवा आहे’ एवढ्यावरून जागांचे आकडे जाहीर करणारे विश्लेषकही पसाऱ्याचा विचार न केल्यास त्यांच्या फार पुढे नसतात.

तिसऱ्या पक्षाला चिरडणाऱ्या या यंत्रावर मात करून दोन मोठ्या पक्षांपैकी एकाची जागा घेणारा पक्ष दुर्मिळ असतो. ब्रिटनचा मजूर पक्ष हे त्याचे ठळक उदाहरण. फेब्रुवारी १९०० मध्ये कामगार संघटनांनी लंडनमध्ये त्याची पायाभरणी केली, आणि त्याच वर्षी त्याचे दोन उमेदवार निवडून आले. १९०३ मध्ये रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी उदारमतवाद्यांचे हर्बर्ट ग्लॅडस्टन यांच्याशी छुपा समझोता करून काही मतदारसंघांत एकमेकांविरुद्ध उमेदवार न देण्याचे ठरवले. हुजूर पक्षविरोधी मतांची विभागणी टळली आणि १९०६ मध्ये २९ मजूर खासदार झाले. १९०९ मध्ये खाणकामगारांचा महासंघ पक्षाशी संलग्न झाल्यावर वेल्स आणि डरहॅमच्या खाणपट्ट्यांत आयती एकगठ्ठा मते लाभली. १९१६ मध्ये उदारमतवादी पक्ष ॲस्क्विथ आणि लॉइड जॉर्ज यांच्या गटांत दुभंगला, तर १९१८ च्या कायद्याने मतदारांची संख्या सुमारे ८० लाखांवरून २ कोटी १० लाखांवर नेली. जुन्या पक्षाशी बांधिलकी नसलेला एवढा मतदार एकदम आला, तेव्हा पक्षाने वरच्या उदाहरणातील तीव्र उडीचा टप्पा गाठला होता: १९१८ मध्ये ५७, १९२२ मध्ये १४२, १९२३ मध्ये १९१ जागा. जानेवारी १९२४ मध्ये मॅक्डोनल्ड पंतप्रधान झाले.

दुसरा मार्ग नियमच बदलण्याचा आहे. न्यूझीलंडमध्ये १९८१ साली सोशल क्रेडिट पक्षाला २०.७ टक्के मतांवर ९२ पैकी केवळ २ जागा मिळाल्या होत्या. १९९३ च्या सार्वमतानंतर तेथे मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत आली. ब्रिटनमध्ये पसंतीक्रमाच्या मतदानाचा प्रस्ताव २०११ च्या सार्वमतात दोन तृतीयांशाहून अधिक मतांनी फेटाळला गेला, त्यामुळे तेथे जुनेच गणित चालू आहे.

मजूर पक्षाने उंबरठा ओलांडल्यावर त्याच यंत्राने उदारमतवाद्यांना भरडण्यास सुरुवात केली. १९०६ मध्ये सुमारे ४०० जागा जिंकणाऱ्या या पक्षाला १९२४ मध्ये १७.८ टक्के मतांवर ४० जागा मिळाल्या. १९५१ मध्ये त्यांचे सहाच खासदार उरले, आणि त्यांपैकी पाच जण असे होते की ज्यांच्याविरुद्ध हुजूर पक्षाने उमेदवारच उभा केला नव्हता.